हिरा, कोन आणि दीड ग्रॅम

हिंदुस्तानी रागसंगीताच्या एलपीवर बहुतेक वेळा सुई कडेला टेकते तेव्हा आलाप किंवा विलंबित ख्याल सुरू होतो, आणि गाणं जसजसं द्रुताकडे जातं तसतशी सुई मध्याकडे सरकते. तानांची बरसात, तार षड्जावरचा ठेहराव, तबल्याची चढलेली लय हे सगळं लेबलाजवळच्या शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये येतं. कोणत्याही रेकॉर्डवर वाचायला सर्वांत अवघड जागा नेमकी हीच असते. कित्येक घरांत रंगलेली मैफल इथेच फाटते. ‘स’ आणि ‘श’ फुरफुरतात, तानेतले दाणे एकमेकांत मिसळतात, आणि खापर जुन्या रेकॉर्डवर किंवा ध्वनिमुद्रणावर फुटतं. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा सुईच्या टोकाच्या आकारात किंवा ती ज्या कोनात बसवली आहे त्या कोनात असतो.

यावर उपाय म्हणून लोक महाग कार्ट्रिज, म्हणजे सुई आणि तिचं थरथरणं विजेत बदलणारी पेटी, घेतात. ते घेण्यात चूक काहीच नाही, मात्र त्यासोबत काय घरी येतं हे आधी समजून घ्यायला हवं. उंची कार्ट्रिजमध्ये आपण मुख्यतः बारकाईने घडवलेल्या हिऱ्याचे पैसे मोजतो. आणि हिरा जितका बारीक घडवलेला, तितकी त्याला बसवण्यातली चूक कमी खपते. पाव मिलिमीटर इकडेतिकडे झालेलं साधं कार्ट्रिज बऱ्यापैकी वाजतं. तसंच बसवलेलं महाग कार्ट्रिज त्या साध्यापेक्षाही वाईट वाजू शकतं. म्हणून निवड आणि बसवणं या दोन कामांचा विचार एकत्रच करायला हवा.

खोबणीत काय लिहिलेलं असतं

१९४८ साली कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची एलपी बाजारात आणली आणि दहा वर्षांच्या आत स्टिरिओ एलपी आली. तिच्यामागची मूळ कल्पना ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याच्या १९३१ च्या पेटंटमध्ये आहे. रेकॉर्डवरची खोबण इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी असते. तिच्या दोन भिंती एकमेकींशी ९० अंशांचा कोन करतात. लेबलाकडची भिंत डावा आवाज सांगते, बाहेरच्या कडेकडची उजवा. एका बाजूला बावीस मिनिटांचं गाणं असेल तर रेकॉर्ड सातशेहून अधिक वेळा फिरते आणि सुई जवळजवळ अर्धा किलोमीटर खोबण वाचते. एवढ्या लांब वाटेची वरची रुंदी मात्र मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास असते.

अडचण वेगात आहे. रेकॉर्ड एकाच गतीने फिरते, पण सुईखालून खोबण एकाच वेगाने सरकत नाही. बाहेरच्या कडेला, मध्यापासून साधारण १४६ मिलिमीटरवर, सेकंदाला ५१० मिलिमीटर खोबण सुईखालून जाते. आतल्या टोकाला, ६० मिलिमीटरवर, हाच आकडा २१० पर्यंत उतरतो. त्यामुळे १० किलोहर्ट्झचा स्वर बाहेर ५१ मायक्रॉन लांबीत लिहिलेला असतो, तर आत तोच २१ मायक्रॉनमध्ये कोंबलेला असतो. १५ किलोहर्ट्झचा स्वर आतल्या टोकाला जेमतेम १४ मायक्रॉनमध्ये मावतो. टाळांची किणकिण, तबल्याच्या चाटीवरचा ‘ना’, तंबोऱ्याची जवारी यांतला तपशील याच पट्ट्यात राहतो.

टोकाचा आकार

सर्वांत साधी सुई शंकूसारखी असते आणि तिचं टोक गोल असतं. स्टिरिओ एलपीसाठी त्या गोलाईची त्रिज्या साधारण १५ ते १८ मायक्रॉन ठेवतात. ज्या वळणाची लांबीच १४ मायक्रॉन आहे त्यात हे टोक उतरू शकत नाही. ते वळणावरून घसरत जातं आणि वरचे स्वर एकतर गळतात किंवा विद्रूप होतात. त्यावरचा पहिला उपाय म्हणजे लंबवर्तुळाकार टोक. ते आडवं रुंद, पण भिंतीला जिथे टेकतं तिथे अरुंद असतं. ८ बाय १८ मायक्रॉन हे त्याचं नेहमीचं माप.

पुढचा टप्पा जपानमध्ये आला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जेव्हीसी कंपनीने चार वाहिन्यांची सीडी-४ ही पद्धत आणली. तिच्यात ३० किलोहर्ट्झची वाहक लहर खोबणीतच कोरलेली असायची आणि ती वाचायला जुनी टोकं असमर्थ होती. नोरिओ शिबाटा यांनी त्यासाठी नव्या घडणीचं टोक तयार केलं. चार वाहिन्यांची रेकॉर्ड लवकरच इतिहासजमा झाली, शिबाटा टोक मात्र टिकलं. हे टोक भिंतीला उभ्या, लांब रेघेत टेकतं. रेघ जाडीला पाच-सहा मायक्रॉन, उंचीला त्याच्या कितीतरी पट. ऑर्टोफोनचं ‘फाइन लाइन’, ऑडिओ-टेक्निकाचं ‘मायक्रोलाइन’, फ्रिट्स गायगर आणि व्हॅन डेन हुल यांच्या घडणी, ऑर्टोफोनचंच ५ बाय १०० मायक्रॉनचं ‘रेप्लिकंट १००’ ही सगळी याच विचाराची पुढची रूपं आहेत.

लांब रेघेचे दोन फायदे आहेत. एक, आतल्या खोबणीतली अरुंद वळणं नीट वाचता येतात. दोन, वजन जास्त जागेवर पसरतं, त्यामुळे हिरा आणि रेकॉर्ड दोन्ही कमी झिजतात. ऑडिओ-टेक्निकाच्या अंदाजानुसार लंबवर्तुळाकार टोक सुमारे ३०० तास टिकतं, शिबाटा ८०० आणि मायक्रोलाइन १,०००. जुन्या रेकॉर्डींच्या बाबतीत आणखी एक लाभ होतो. एचएमव्ही फिएस्टासारख्या प्लेअरवर वर्षानुवर्षं जाड टोकाने वाजलेली एलपी एका ठरावीक उंचीवरच घासलेली असते. उंच रेघेचं टोक त्याच्या वरखालच्या न झिजलेल्या भिंतीलाही टेकतं, आणि मेलेली वाटलेली रेकॉर्ड पुष्कळदा पुन्हा उजळते.

पण ही रेघ खोबणीत नेमकी उभी आणि दोन्ही भिंतींवर सारखी टेकली तरच हे सगळं घडतं. गोल टोक थोडं फिरलं, थोडं कललं, तरी गोलच राहतं. रेघ फिरली की ती वळणं तिरपी वाचते. बसवण्याच्या कामाची सगळी गरज इथून निर्माण होते.

टोकामागची काडी, म्हणजे कॅन्टिलिव्हर, हीसुद्धा किंमत वाढवते. ती हलकी हवी आणि वाकता कामा नये. ॲल्युमिनियमची नळी काम चांगलं करते. त्याहून ताठ हवी असेल तर बोरॉन, नीलम, माणिक आणि अगदी महाग कार्ट्रिजमध्ये चक्क हिऱ्याचीच काडी वापरतात.

चुंबक हलतं की वेटोळं

सुईचं थरथरणं विजेत कसं बदलतं, यावरून कार्ट्रिजचे मुख्य प्रकार पडतात. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारात काडीच्या मागच्या टोकाला इवलंसं चुंबक असतं आणि ते तारेच्या स्थिर वेटोळ्यांमध्ये हलतं. वेटोळ्यांत भरपूर वेढे असल्याने चार-पाच मिलिव्होल्ट इतका संदेश मिळतो. सुई स्वतंत्रपणे बदलता येते, ही याची मोठी सोय. अमेरिकेतल्या शुअर कंपनीने १९५८ मध्ये या प्रकारचं स्टिरिओ कार्ट्रिज आणलं. तिची १९६४ पासूनची व्ही-१५ मालिका अनेक दशकं मापदंड मानली गेली. २०१८ मध्ये शुअरने कार्ट्रिजचा व्यवसाय बंद केला.

मूव्हिंग कॉइल प्रकारात उलट असतं. चुंबक स्थिर आणि काडीवर बसवलेली चिमुकली वेटोळी हलणारी. हलणारं वजन कमी ठेवता येतं, म्हणून बारीकसारीक थरथर लवकर पकडली जाते. वेढे कमी असल्याने संदेशही फार क्षीण, ०.२ ते ०.५ मिलिव्होल्ट. डेन्मार्कच्या ऑर्टोफोनचं १९५० च्या दशकाच्या अखेरचं एसपीयू आणि जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसोबत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला घडवलेलं डेनॉन डीएल-१०३ ही या प्रकाराची दोन चिरंजीव उदाहरणं. दोन्ही आजही तयार होतात. लायरा, कोएत्सू यांसारख्या हातघडणीच्या जपानी कार्ट्रिजची किंमत आपल्याकडे लाखांत जाते. सुई झिजली की संपूर्ण कार्ट्रिज कारागिराकडे पाठवावं लागतं, हा मूव्हिंग कॉइलचा कायमचा खर्च. ग्रॅडो आणि नागाओका यांचा तिसरा मार्ग आहे. त्यात चुंबक आणि वेटोळी दोन्ही स्थिर राहतात आणि मधला लोखंडी तुकडा हलतो.

यांतला कोणता प्रकार श्रेष्ठ हा प्रश्न मी मागे ठेवतो. चांगल्या टोकाचं मूव्हिंग मॅग्नेट हे साध्या टोकाच्या मूव्हिंग कॉइलपेक्षा आतली खोबण अधिक स्वच्छ वाचतं. डीएल-१०३ चं टोक गोल आहे हे त्याच्या चाहत्यांनीही विसरू नये. त्याच्या आवाजाचा भरदारपणा मलाही आवडतो, पण द्रुत तानांच्या शेवटच्या मिनिटांत त्याची मर्यादा कळते.

तीन जुळण्या

कार्ट्रिज निवडताना पहिली जुळणी फोनो स्टेजशी, म्हणजे कार्ट्रिजचा क्षीण संदेश वाढवणाऱ्या भागाशी. मूव्हिंग मॅग्नेटला सुमारे शंभरपट, म्हणजे ४० डेसिबल, वाढ पुरते. ०.३ मिलिव्होल्टच्या मूव्हिंग कॉइलला ६० डेसिबल, म्हणजे हजारपट, लागते. ती नसेल तर वेगळा ट्रान्सफॉर्मर किंवा नवा फोनो स्टेज घ्यावा लागतो आणि तो खर्च आधीच हिशेबात धरायला हवा.

मूव्हिंग मॅग्नेटच्या बाबतीत एक तपशील दुर्लक्षित राहतो, तो म्हणजे केबलची कपॅसिटन्स. ऑर्टोफोन २एम ब्लॅकच्या वेटोळ्यांचा इंडक्टन्स ६३० मिलिहेन्री आहे. केबल आणि फोनो स्टेज मिळून १५० पिकोफॅरड असतील तर त्यांचा विद्युत अनुनाद १६ किलोहर्ट्झच्या वर राहतो. ३०० झाले की तो साडेअकरा किलोहर्ट्झपर्यंत खाली उतरतो. मग त्याआधी किंचित उंचवटा आणि त्यानंतर उतार अशी आवाजाची घडण होते. हाच फरक लोक ‘कार्ट्रिज जरा टोचतं’ अशा शब्दांत सांगतात. आखूड, कमी कपॅसिटन्सची केबल हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. मूव्हिंग कॉइलला केबलची अशी फिकीर नसते. तिथे भार-रोध वेटोळ्याच्या रोधाच्या निदान दहापट ठेवला की बहुतेक वेळा काम भागतं.

दुसरी जुळणी टोनआर्मशी, म्हणजे कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याशी. सुई एका रबरी कडीवर झुलते आणि टोनआर्मचं परिणामी वजन, म्हणजे हलताना जाणवणारी त्याची जडता, त्याच कडीवर पेललेली असते. झुलणारी कुठलीही वस्तू एका ठरावीक गतीने डोलते, तशीच ही जोडीही. ही गती ८ ते १२ हर्ट्झमध्ये असावी. वाकड्या रेकॉर्डची हालचाल ५-६ हर्ट्झच्या खाली असते आणि संगीत २० हर्ट्झच्या आसपास सुरू होतं. डोलण्याची गती या दोन्हींच्या मध्ये राहायला हवी. फोनो स्टेज खालचे स्वर सर्वांत जास्त उचलतो, म्हणून इथे चूक झाली की वूफरचा पडदा विनाकारण आतबाहेर हलताना दिसतो.

हिशेब सोपा आहे. टोनआर्मचं परिणामी वजन, कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूंचं वजन ग्रॅममध्ये एकत्र करायचं, त्याला कार्ट्रिजच्या कम्प्लायन्सने, म्हणजे लवचीकपणाच्या आकड्याने, गुणायचं, गुणाकाराचं वर्गमूळ काढायचं आणि त्याने १५९ ला भागायचं. टेक्निक्स एसएल-१२०० च्या टोनआर्मचं परिणामी वजन १२ ग्रॅम आहे. त्यावर ७.२ ग्रॅमचं, २२ कम्प्लायन्सचं २एम ब्लॅक आणि ग्रॅमभर स्क्रू लावले तर उत्तर साडेसात हर्ट्झ येतं, म्हणजे सीमेच्या किंचित खाली. सपाट रेकॉर्डवर ते चालून जाईल, वाकलेल्यांवर त्रास देईल. साडेआठ ग्रॅमच्या डीएल-१०३ चा कम्प्लायन्स कागदावर ५ लिहिलेला असतो. तो तसाच धरला तर उत्तर फसवं येतं. जपानी कंपन्या हा आकडा बहुधा १०० हर्ट्झवर मोजतात, आणि आपल्याला हवा असतो १० हर्ट्झवरचा. त्यासाठी तो दीडपट ते दुप्पट करावा लागतो. १० धरला की डोलण्याची गती सुमारे पावणेअकरा हर्ट्झ येते, अगदी योग्य. ताठ कार्ट्रिजला जड टोनआर्म आणि लवचीक कार्ट्रिजला हलका, हा नियम या गणितातूनच निघतो.

तिसरी जुळणी आपल्या संग्रहाशी, आणि महाराष्ट्रातल्या घरांत ती फार महत्त्वाची ठरते. आजोबांच्या काळातल्या बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या, भावगीतांच्या आणि नाट्यगीतांच्या सात इंची ईपी, साठच्या दशकातल्या मोनो एलपी आणि नंतरच्या स्टिरिओ एलपी असं सगळं एकाच कपाटात असतं. लाखेच्या तबकडीची खोबण कितीतरी रुंद असते, तिला ६५ ते ७५ मायक्रॉनचं टोक लागतं. एलपीची बारीक सुई तिच्यात तळाला घासते. आवाज खराब येतो आणि सुईही जाते. यासाठी वेगळं, साधं कार्ट्रिज वेगळ्या हेडशेलवर, म्हणजे टोनआर्मच्या टोकाला लागणाऱ्या धारकावर, तयार ठेवावं. एचएमव्हीच्या भारतीय एलपींवर ईएएलपी किंवा ईसीएलपी हा क्रमांक मोनोचा, तर ईएएसडी किंवा ईसीएसडी हा स्टिरिओचा. मोनो रेकॉर्डमध्ये सगळं संगीत आडव्या हालचालीत असतं. स्टिरिओ कार्ट्रिज उभी हालचालही वाचतं, आणि तिथे फक्त धूळ आणि झीज असते. ॲम्प्लिफायरला मोनोचं बटण असेल तर ते दाबावं. खरखर लगेच उतरते. संग्रह मुख्यतः मोनो असेल तर स्वतंत्र मोनो कार्ट्रिज हा खरा शहाणपणाचा खर्च आहे.

बसवायचं कसं

तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा केसभर सरकवला की बंद आवाज खुलतो. कार्ट्रिज बसवणं हे त्याच जातीचं काम आहे. घाई नको, उजेड भरपूर हवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. साधनं थोडी लागतात: पाणसळ, कोन जुळवायचा कागदी किंवा आरशाचा प्रोट्रॅक्टर, सुईचं वजन मोजणारा डिजिटल काटा, भिंग, बारीक चिमटा आणि चुंबकाला न चिकटणारा स्क्रूड्रायव्हर. कार्ट्रिजमधलं चुंबक लोखंडी हत्यार हातातून ओढून घेतं आणि एका क्षणात काडी मोडते. म्हणून संरक्षक टोपी शेवटपर्यंत काढू नये.

आधी टर्नटेबल पाणसळ ठेवून सपाट करावं. मग तारा जोडाव्या. पांढरी तार डाव्याची धन, निळी डाव्याची ऋण, तांबडी उजव्याची धन, हिरवी उजव्याची ऋण. तारेची टोपी घट्ट असेल तर पिनवर जोर न लावता टोपीच सैल करून घ्यावी, आणि कार्ट्रिजच्या पिनांवर सोल्डरिंग कधीही करू नये. स्क्रू हलेल न हलेल इतके सैल ठेवावेत आणि वजन अंदाजाने लावून घ्यावं.

आता मुख्य काम, कोन. रेकॉर्ड कापणारं यंत्र सरळ रेषेत आत सरकतं. आपला टोनआर्म एका खिळीभोवती फिरून वर्तुळाचा तुकडा काढतो. त्यामुळे सुई पूर्ण रेकॉर्डभर खोबणीशी समांतर राहू शकत नाही. ती दोनच जागी बरोबर असते आणि बाकी सगळीकडे थोडी तिरपी. हे दोन शून्यबिंदू कुठे ठेवावेत याचं गणित स्वीडनच्या एरिक लॉफग्रेन यांनी १९३८ मध्ये मांडलं आणि एच. जी. बेअरवाल्ड यांनी १९४१ मध्ये त्याच निष्कर्षाची मांडणी केली. त्यांचे बिंदू मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात. १९६६ मध्ये जे. के. स्टीव्हन्सन यांनी आतला बिंदू ६०.३ मिलिमीटरवर, म्हणजे खोबणीच्या अगदी शेवटाजवळ, ठेवायचं सुचवलं.

बेअरवाल्डच्या मांडणीत विकृती रेकॉर्डभर सर्वांत समतोल वाटली जाते, म्हणून बहुतेकजण तिचीच शिफारस करतात. माझं मत असं की ज्यांच्या संग्रहात ख्यालाच्या एलपी आणि सात इंची ईपी भरपूर आहेत त्यांनी स्टीव्हन्सन जरूर लावून ऐकावी. आपलं संगीत परमोच्च बिंदूला पोहोचतं तेव्हा सुई तिथेच असते. टेक्निक्सची मूळ मांडणीही याच्या जवळची आहे. सुईच्या टोकापासून हेडशेलच्या मागच्या कडेपर्यंत ५२ मिलिमीटर हे तिचं माप.

मांडणी कोणतीही निवडा, ती काटेकोर करा. सुई मध्याच्या खिळीच्या किती पुढे पोहोचते या अंतराला ओव्हरहँग म्हणतात. टेक्निक्सच्या भूमितीत ते १५ मिलिमीटर आहे. ते एकच मिलिमीटर वाढलं तर आतला शून्यबिंदू आठ-नऊ मिलिमीटर बाहेर सरकतो आणि शेवटच्या ताना उघड्यावर पडतात. प्रोट्रॅक्टरवर दोन्ही बिंदूंवर सुई टेकवून कॅन्टिलिव्हर जाळीच्या रेघांशी समांतर आणावा. कार्ट्रिजच्या पेटीकडे पाहून जुळवू नये. हातघडणीच्या कार्ट्रिजमध्येही काडी पेटीत किंचित तिरपी असू शकते, आणि खोबण वाचते ती काडी.

त्यानंतर वजन. अँटी-स्केटिंग (त्याबद्दल पुढे) शून्यावर ठेवून टोनआर्म अधांतरी तरंगेल असा तोलायचा, मग कंपनीने सांगितलेलं वजन द्यायचं आणि डिजिटल काट्यावर रेकॉर्डच्या उंचीला मोजून पाहायचं. २एम ब्लॅकसाठी ते दीड ग्रॅम आहे, डीएल-१०३ साठी अडीच. कमी वजनाने रेकॉर्ड सुरक्षित राहते हा समज घातक आहे. हलकी सुई मोठ्या वळणावर भिंत सोडते आणि परत आदळते. तो आघात कायमचा राहतो. दिलेल्या पल्ल्याच्या मध्यावर किंवा किंचित वर राहणं केव्हाही बरं. हवामानाचाही यात भाग आहे. कंपन्यांचे आकडे २० ते २५ अंश तापमानाचे असतात. मे महिन्यात खोली पस्तिशीला गेली की रबरी कडी मऊ पडते, थंडीतल्या सकाळी ती आखडते. उन्हाळ्यात कार्ट्रिजचं पोट रेकॉर्डजवळ आलेलं दिसलं तर वजन आणि उंची दोन्ही पुन्हा पाहावीत.

मग कल. समोरून पाहताना सुई रेकॉर्डवर काटकोनात उभी हवी. सुईखाली छोटा आरसा ठेवला की खरी सुई आणि प्रतिबिंब एका सरळ रेषेत आहेत का ते लगेच कळतं. बाजूने पाहताना टोनआर्म रेकॉर्डला समांतर असणं ही चांगली सुरुवात. काटेकोर लोक यूएसबी सूक्ष्मदर्शकाने टोकाची रेघ ९२ अंशांच्या आसपास आणतात, कारण कापणारी सुई साधारण तशी झुकलेली असते. या बाबतीत एक गणित मनाला शांत करतं. २३० मिलिमीटर लांबीच्या टोनआर्मवर एक अंश बदलायला मागची उंची चार मिलिमीटर बदलावी लागते. जाड आणि पातळ रेकॉर्डमध्ये एक मिलिमीटरही फरक नसतो, म्हणजे पाव अंशाहून कमी. प्रत्येक रेकॉर्डसाठी उंची बदलत बसण्याची गरज नाही.

शेवटी अँटी-स्केटिंग. टोनआर्मच्या कोनामुळे खोबणीचं घर्षण सुईला सतत मध्याकडे ओढतं. ही ओढ तोलायला बाहेरच्या दिशेने थोडा ताण द्यावा लागतो. खोबण नसलेल्या कोऱ्या तबकडीवर हे जुळवू नये, कारण सपाट पृष्ठभागावर सुई वेगळ्या प्रकारे घासते. टेस्ट रेकॉर्डवरच्या वाढत्या पातळीच्या पट्ट्या वाजवाव्या. आधी उजवा आवाज फाटला तर अँटी-स्केटिंग कमी आहे, आधी डावा फाटला तर जास्त. दोन्ही एकाच वेळी फाटू लागले की जमलं. हे झाल्यावर वजन पुन्हा एकदा मोजावं, कारण एक पायरी बदलली की आधीची किंचित हलते.

कानाची परीक्षा

मोजमापं संपल्यावर ओळखीची रेकॉर्ड लावावी, आणि तीही शेवटच्या पाच मिनिटांपासून ऐकावी. अभंगांच्या एलपीवर गजरातल्या टाळांचा प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो का, की त्यांचा एकच फसफसता पडदा होतो? गायकाचे ‘स’, ‘श’, ‘च’ स्वच्छ आहेत का? तानेतला दाणा न् दाणा मोजता येतो का? तंबोऱ्याचा षड्ज ठोक्यानंतरही गुंजत राहतो का? बाहेरच्या खोबणीत सगळं छान आणि आत खराब, असं असेल तर ओव्हरहँग आणि कोन तपासावा. सगळीकडेच एका बाजूने फरफर येत असेल तर अँटी-स्केटिंग किंवा कल. दोन्ही बाजूंनी जोरकस जागी फाटत असेल तर वजन कमी आहे किंवा सुई मळली आहे. नवं कार्ट्रिज पहिल्या काही तासांत थोडं मोकळं होतं, म्हणून दोन आठवड्यांनी वजन आणि उंची पुन्हा पाहावी.

निगा हा याच कामाचा भाग आहे. सुई कोरड्या बारीक ब्रशने मागून पुढे पुसावी, उलट किंवा आडवी कधीच नाही. पावसाळ्यात बंद कपाटातल्या रेकॉर्डींवर बुरशी धरते. तशी रेकॉर्ड धुऊन पूर्ण वाळल्याशिवाय चांगल्या सुईखाली जाऊ नये. वाजलेल्या तासांची नोंद ठेवावी. झिजलेल्या हिऱ्याला धार येते, आणि ती धार परत न मिळणारी रेकॉर्ड कापत जाते.

पैसे कुठे घालावेत असं कोणी विचारलं, तर माझा क्रम असा आहे. आधी रेकॉर्ड धुण्याची सोय, प्रोट्रॅक्टर आणि वजनाचा काटा. मग आहे तेच कार्ट्रिज नीट बसवणं. त्यानंतर लांब रेघेच्या टोकाचं चांगलं मूव्हिंग मॅग्नेट, ज्याची सुई घरच्या घरी बदलता येते. टोनआर्म, फोनो स्टेज आणि बसवणारा हात हे तिन्ही तयार झाले की मगच लाखाच्या घरातलं मूव्हिंग कॉइल. या क्रमाने गेलेल्या श्रोत्याला प्रत्येक पायरीवर आपल्याच जुन्या रेकॉर्डमधून काही ना काही नवं मिळतं. आपल्या मोठ्या गवयांच्या एलपींचे पहिले दाब आता नव्याने निघणार नाहीत. जे आहेत ते घरोघरच्या कपाटांत आहेत. त्यांतली द्रुत बंदिश न फाटता, न घासता शेवटच्या तिहाईपर्यंत ऐकता यावी आणि पुढच्या पिढीलाही तशीच ऐकू यावी, एवढ्यासाठी हा दीड ग्रॅमचा खटाटोप करण्यासारखा आहे.